विद्या रुग्णाच्या हाती: डॉ. आर. डी. लॉरेन्स यांची कारकीर्द

प्रस्तावना

इन्सुलिनचा इतिहास म्हटलं की बँटिंग आणि बेस्ट ही जोडी आठवते. १९२१ सालचा टोरंटोतला उन्हाळा, प्रयोगशाळेतली कुत्री, पुढच्या जानेवारीत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला दिलेलं पहिलं इंजेक्शन आणि १९२३चं नोबेल पारितोषिक. बहुतेक पुस्तकांत गोष्ट इथे संपते. डॉक्टरांचं काम मात्र इथूनच सुरू झालं. औषध हाती आलं होतं. पण ते रोज किती घ्यायचं, केव्हा घ्यायचं, त्याबरोबर काय जेवायचं, ताप आला तर काय करायचं, अंगमेहनत जास्त झाली तर काय, बाळंतपणात काय, याची उत्तरं जगात कोणाकडेच नव्हती. ती उत्तरं शोधणाऱ्या, लिहून ठेवणाऱ्या आणि रुग्णांना शिकवणाऱ्या डॉक्टरांच्या पहिल्या पिढीत लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलचे डॉ. रॉबर्ट डॅनियल ऊर्फ रॉबिन लॉरेन्स यांचं स्थान फार वरचं आहे. ते स्वतः मधुमेही होते. इन्सुलिनच्या आधाराने ते पंचेचाळीस वर्षं जगले आणि त्यातली बहुतेक वर्षं त्यांनी इतर मधुमेहींना जगायला शिकवण्यात घालवली.

या पुस्तकाचा विषय म्हणजे त्यांची कारकीर्द. मी स्वतः मधुमेह आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांची डॉक्टर आहे. आमच्या शाखेत नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी नेहमी एक गोष्ट सांगते: शल्यचिकित्सकाची विद्या त्याच्या हातात राहते, आपली विद्या मात्र रुग्णाच्या हाती सोपवावी लागते. रुग्ण तीन महिन्यांतून एकदा येतो, पंधरा-वीस मिनिटं बसतो. मधल्या काळात दिवसातून चार चार वेळा सुईचा डोस ठरवतो तो स्वतः, किंवा त्याची आई, किंवा आजी. त्या घरातल्या निर्णयात आपण शिकवलेलं किती उतरलं, यावर आपलं यश ठरतं. हे मला पुस्तकी तत्त्व म्हणून पुष्कळ आधी ठाऊक होतं. लॉरेन्स यांचं आयुष्य वाचत गेले तेव्हा ते तत्त्व कुठून आलं, त्यामागे केवढी किंमत मोजलेली आहे, हे समजलं. म्हणून हे लेखन हाती घेतलं.

लॉरेन्स यांचं मोठेपण कळायचं तर इन्सुलिनच्या आधीचा काळ नीट समजून घ्यायला हवा. आज ज्याला आपण टाइप १ मधुमेह म्हणतो, त्यात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात. इन्सुलिन नसलं की रक्तात साखर भरून वाहत असते, पण ती पेशींना वापरता येत नाही. शरीर मग चरबी जाळायला लागतं, त्यातून किटोन नावाची आम्लं साठतात आणि रुग्ण बेशुद्धीत जातो. यावर १९१५च्या सुमारास अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी रूढ केलेला उपाय होता उपासमारीचा. आहार इतका तोडायचा की साखर वाढायला वावच राहू नये. मुलं हाडांचा सापळा होऊन काही महिने, फार तर काही वर्षं जास्त जगत. त्या वेळचे डॉक्टर निर्दय नव्हते. त्यांच्या हाती दुसरं काहीच नव्हतं. मधुमेहाने मरायचं की भुकेने, एवढीच निवड रुग्णापुढे होती.

अशा काळात, १९२० साली, वयाच्या २८व्या वर्षाच्या उंबरठ्यावर लॉरेन्स यांना मधुमेहाचं निदान झालं.

त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८९२चा, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचा. वडिलांचा ब्रश बनवण्याचा कारखाना होता. मुलाने आधी अ‍ॅबरडीन विद्यापीठातून फ्रेंच आणि इंग्रजी घेऊन एम.ए. केलं, काही दिवस लंडनमध्ये काकांच्या कापडाच्या व्यवसायात काढले, पण तिथे जीव रमला नाही. परत येऊन वैद्यकाला प्रवेश घेतला आणि पदकांवर पदकं मिळवली. १९१६ साली पदवी हाती आली तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. लष्कराच्या वैद्यकीय दलातून ते हिंदुस्थानात वायव्य सरहद्दीवर गेले आणि आमांशाने बेजार होऊन मायदेशी परतले. या माणसाचा आपल्या भूमीशी आलेला थेट संबंध एवढाच. पुढे त्यांनी लंडनचं किंग्ज कॉलेज हॉस्पिटल गाठलं आणि कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियेकडे वळले. हात चांगला होता, उमेद होती, पुढचा रस्ता स्वच्छ दिसत होता.

कानामागच्या हाडाची शस्त्रक्रिया ते मृतदेहावर सराव म्हणून करत होते. छिन्नीचा घाव बसला, हाडाची कपची उडाली आणि थेट उजव्या डोळ्यात गेली. डोळ्यात जंतुसंसर्ग झाला, रुग्णालयात दाखल व्हावं लागलं आणि तिथे नेहमीच्या तपासणीत लघवीत साखर सापडली. त्या एका कपचीने डोळा अधू केला आणि मधुमेहही उघडा पाडला. शल्यचिकित्सक होण्याचं स्वप्न तिथेच संपलं. डॉक्टर असल्यामुळे आपल्या आयुष्याची दोरी किती उरली आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

या टप्प्यावर माणूस हातपाय गाळतो. लॉरेन्स यांनी रासायनिक विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम धरलं, जी. ए. हॅरिसन या वरिष्ठांच्या हाताखाली. कडक पथ्य सांभाळत रक्तातली साखर मोजण्याचं तंत्र शिकले, त्यावर संशोधन केलं, एम.डी.चा प्रबंध लिहिला. पुढे काही वर्षांनी जे ज्ञान त्यांना आणि त्यांच्या रुग्णांना तारणार होतं, ते मरणाची वाट पाहत असतानाच्या या दिवसांत मिळवलेलं आहे. या पुस्तकाचं दुसरं प्रकरण मी केवळ या दिवसांना दिलं आहे. तरुण वाचकांनी ते सावकाश वाचावं, अशी इच्छा आहे.

प्रकृती खालावत चालली तेव्हा आपलं मरण घरच्यांनी डोळ्यांदेखत पाहू नये म्हणून ते इटलीत फ्लॉरेन्सला गेले आणि तिथे राहणाऱ्या इंग्रजीभाषकांत प्रॅक्टिस सुरू केली. १९२२-२३च्या हिवाळ्यात छातीचा विकार झाला आणि मधुमेह हाताबाहेर गेला. पायांतल्या नसा दुबळ्या झाल्या. इकडे लंडनमध्ये हॅरिसन यांच्याकडे इन्सुलिन आलं होतं. त्यांनी कळवलं: औषध मिळालं आहे, गुण येतो आहे, ताबडतोब परत या. लॉरेन्स त्या अवस्थेत मोटार घेऊन युरोप ओलांडत निघाले आणि २८ मे १९२३ला किंग्जमध्ये पोचले. तपासण्या झाल्या. ३१ मेला त्यांना इन्सुलिनची पहिली सुई मिळाली. तिथून पुढे आयुष्यातला एकही दिवस इन्सुलिनशिवाय गेला नाही.

दोन महिने ते रुग्ण म्हणून त्याच रुग्णालयात राहिले आणि बरं वाटताच तिथल्याच प्रयोगशाळेत कामाला लागले. हळूहळू मधुमेहाचा बाह्यरुग्ण विभाग त्यांच्याभोवती उभा राहिला. देशातल्या अगदी सुरुवातीच्या आणि सगळ्यांत मोठ्या मधुमेह विभागांत त्याची गणना होऊ लागली. १९३९ साली त्याची पूर्ण जबाबदारी त्यांच्याकडे आली.

त्या काळी या विभागात काम कसं चाले, ते जवळून पाहण्यासारखं आहे. घरच्या घरी रक्त तपासण्याची सोय नव्हती. परीक्षानळीत निळं बेनेडिक्ट द्रावण पाच मिलिलिटर घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी. पिवळा, नारिंगी अशी चढती भाजणी. आणि विटकरी झाला तर साखर भरपूर. आपल्याकडेही कित्येक वर्षं घराघरांत स्पिरिटच्या दिव्यावर हाच खेळ चाले. जुन्या मधुमेहींना तो आठवत असेल. या तपासणीची अडचण अशी की रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली तरच ती लघवीत उतरते, आणि लघवीतली साखर आत्ताची नसून गेल्या काही तासांची असते. साखर फार खाली घसरली तर परीक्षानळीला त्याचा पत्ताही लागत नाही. ते ओळखायचं हाताच्या कंपावरून, दरदरून सुटलेल्या घामावरून, अकारण आलेल्या चिडीवरून. काचेची सिरिंज उकळून घ्यायची आणि पोलादी सुई बोथट झाली की दगडावर घासून पुन्हा धार लावायची. अशा सामग्रीवर माणसांना चाळीस-चाळीस वर्षं जगवायचं होतं.

लॉरेन्स यांच्याकडे एक गोष्ट इतर डॉक्टरांकडे नसलेली होती: त्यांचं स्वतःचं शरीर. अंगमेहनतीने इन्सुलिनचा परिणाम वाढतो, हे त्यांनी तपासून दाखवलं आणि १९२६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. इन्सुलिन घेऊन व्यायाम केला की साखर नुसत्या इन्सुलिनपेक्षा कितीतरी झपाट्याने उतरते. आज ज्या मुलाला आम्ही कबड्डीच्या सामन्याआधी डोस कमी करायला किंवा काहीतरी खायला सांगतो, त्याच्या पाठीशी ही शंभर वर्षांपूर्वीची निरीक्षणं उभी आहेत.

आहाराचंही तसंच. त्या काळचे आहारतक्ते इतके किचकट असत की रुग्ण स्वयंपाकघरात तराजू आणि गणिताची वही घेऊन बसे. लॉरेन्स यांनी सगळं दोन रंगांत बसवलं. काळा भाग म्हणजे १० ग्रॅम कर्बोदकं. लाल भाग म्हणजे साडेसात ग्रॅम प्रथिनं आणि नऊ ग्रॅम स्निग्ध पदार्थ. एक काळा आणि एक लाल मिळून एक ओळ. डॉक्टरने सांगायचं, न्याहारीला इतक्या ओळी, जेवणाला इतक्या. कोणता काळा आणि कोणता लाल भाग घ्यायचा, ते रुग्णाने यादीतून आपल्या आवडीप्रमाणे निवडायचं. ब्रेड नको तर बटाटा, बटाटा नको तर फळ. निवड रुग्णाकडे आली आणि पथ्याला पहिल्यांदा माणसाचं तोंड दिसलं. कर्बोदकं मोजून इन्सुलिन ठरवण्याची आजची पद्धत याच वाटेने पुढे आलेली आहे.

१९२५ साली त्यांचं ‘द डायबेटिक लाइफ’ हे पुस्तक निघालं. ते एकाच वेळी डॉक्टरांसाठी आणि रुग्णांसाठी लिहिलेलं आहे, ही त्यातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. अमेरिकेत बोस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन यांनी रुग्णशिक्षणाची वाट आधीच घालून दिली होती. त्यांचं रुग्णांसाठीचं पुस्तक १९१८चं. तरीही वैद्यकातलं ज्ञान दोन कप्प्यांत ठेवण्याची रीत घट्ट होती: खरं ते डॉक्टरांसाठी, सोपं करून पातळ केलेलं ते रुग्णांसाठी. लॉरेन्स यांनी एकच पुस्तक दोघांच्या हातांत दिलं. १९२९ साली त्याहून लहान ‘द डायबेटिक एबीसी’ आलं. ‘द डायबेटिक लाइफ’च्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत राहिल्या आणि इतर भाषांत भाषांतरंही झाली.

डॉक्टरची विद्या रुग्णाच्या हाती जाते म्हणजे नेमकं काय होतं, ते माझ्या बाह्यरुग्ण विभागातल्या एका प्रसंगातून सांगते. आठ वर्षांचा मुलगा, नुकतंच टाइप १चं निदान झालेलं. आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणारी. मी आणि आमची आहारतज्ज्ञ तिला सुई भरायला शिकवत होतो. दुधाळ इन्सुलिनची बाटली दोन तळव्यांत हळूहळू घोळवायची, खळखळ हलवायची नाही. जितकी युनिटं काढायची तितकी हवा आधी बाटलीत सोडायची. दोन प्रकारचं इन्सुलिन एकाच सिरिंजमध्ये घ्यायचं तर आधी पाण्यासारखं स्वच्छ, मग दुधाळ. बुडबुडा दिसला तर टिचकी मारायची. बेंबीपासून दोन बोटं सोडून टोचायचं, आज जिथे टोचलं तिथे उद्या नाही. आपल्याकडे बाजारात ४० आणि १०० अशा दोन्ही ताकदींचं इन्सुलिन मिळतं, म्हणून ४०च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज आणि १००ला केशरी, हे पुन्हा पुन्हा घोकून घेतलं. ४०च्या बाटलीतून केशरी टोपणाच्या सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत भरलं तर मुलाला मिळतात फक्त ८ युनिटं. उलट चूक झाली, तर २०च्या जागी ५० जातात आणि ते जिवावर बेतू शकतं. घरात फ्रीज नव्हता. दोन मडकी, मध्ये ओली वाळू, आतल्या मडक्यात पाणी लागणार नाही अशी बांधलेली बाटली, हेही दाखवलं.

तिने सगळं ऐकून घेतलं, दोनदा स्वतः करून दाखवलं आणि विचारलं, “डॉक्टरबाई, त्याला ताप आला आन् तो जेवलाच न्हाई, तर सुई द्यायची का न्हाई?”

टाइप १च्या उपचारात याहून नेमका प्रश्न नाही. पोरगं जेवत नाही म्हणून घरचे सुई बंद करतात आणि दोन दिवसांत ते बेशुद्ध होऊन दवाखान्यात येतं. आजारपणात शरीराला इन्सुलिन उलट जास्त लागतं. सुई पूर्ण बंद कधीच करायची नाही, साखर वरचेवर बघायची, पाणी पाजत राहायचं, उलट्या थांबत नसतील तर तडक दवाखाना गाठायचा. ही उत्तरं मी तिला दिली. तिने प्रश्न विचारला त्या क्षणी ती उपचारातली माझी जोडीदार झाली होती. लॉरेन्स यांनी आपल्या रुग्णांत पाहिली ती हीच ताकद, आणि साऱ्या कारकिर्दीचा पाया त्यांनी तिच्यावर रचला.

मात्र विद्या हाती देणं आणि जबाबदारी अंगावर ढकलणं यांत फार मोठा फरक आहे. इन्सुलिन विकत घ्यायची ऐपत नाही, साखर तपासायच्या पट्ट्या परवडत नाहीत, शाळेत सुई घ्यायला आडोसा नाही, अशा घराला नुसतं शिकवून डॉक्टरने हात झटकले तर ते शिक्षण रुग्णावरच उलटतं. साखर वाढली की दोष त्याचा, कारण ‘तुला सांगितलं होतं ना?’ आपल्या दवाखान्यांत हे वाक्य फार ऐकू येतं. लॉरेन्स यांना हा धोका स्वच्छ दिसला होता. म्हणून ते दवाखान्याच्या चार भिंतींबाहेर पडले.

त्यांच्या रुग्णांत ‘द टाइम मशीन’चे लेखक एच. जी. वेल्स होते. साठीनंतर त्यांना मधुमेह जडला होता. १९३४ साली या डॉक्टर-रुग्ण जोडीने डायबेटिक असोसिएशन स्थापन केली. वेल्स यांनी ‘द टाइम्स’मध्ये पत्र लिहून मधुमेहींना एकत्र येण्याचं आवाहन केलं. गरीब-श्रीमंत असा भेद न होता प्रत्येक मधुमेहीला इन्सुलिन मिळालं पाहिजे, ही संस्थेची पहिली मागणी. सभासदांत डॉक्टरही होते आणि रुग्णही, एकाच सतरंजीवर. एखाद्या आजाराचे रुग्ण संघटित होऊन सरकारशी, विमा कंपन्यांशी, नोकरी देणाऱ्यांशी बोलू लागतात, ही गोष्ट तेव्हा नवी होती. पुढच्याच वर्षी संस्थेचं नियतकालिक निघालं. १९४८ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि इन्सुलिनसाठी खिशात हात घालायची वेळ सरली. त्याआधीची चौदा वर्षं ही संस्था रुग्णांच्या पाठीशी उभी होती. आजची ‘डायबेटिस यूके’ ती हीच. १९५० साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ स्थापन झाला, त्याचे पहिले अध्यक्ष लॉरेन्स झाले. त्याच दशकात, १९५५ साली, मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली. या सगळ्या घडामोडी एका प्रकरणात सविस्तर दिल्या आहेत, कारण डॉक्टरची कारकीर्द मोजताना आपण पदव्या आणि शोधनिबंध मोजतो, उभ्या केलेल्या संस्था मोजायच्या राहतात.

याचा अर्थ संशोधनात ते मागे होते असा नाही. इन्सुलिनच्या आधी मधुमेही स्त्रीला गर्भ राहणं हेच दुर्मीळ, आणि राहिला तर आई किंवा बाळ, कधी दोघंही जात. डॉ. विल्फ्रिड ओकली यांच्यासह लॉरेन्स यांनी गर्भवती मधुमेहींची काटेकोर देखभाल करण्याची पद्धत बसवली आणि १९४२ साली त्यावरचे अनुभव प्रसिद्ध केले. अंगावरची चरबी जवळपास पूर्ण नाहीशी होऊन होणाऱ्या एका दुर्मीळ मधुमेहाचं वर्णन त्यांनी १९४६ साली केलं. लायपोअ‍ॅट्रॉफिक मधुमेह या नावाने तो आजही अभ्यासला जातो.

सगळ्यांत दूरवर पोचलेलं काम १९५१चं. सगळे मधुमेह सारखे नसावेत, ही शंका वैद्यकाला जुनीच होती. १९३६ साली लंडनच्याच हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी काही रुग्ण इन्सुलिनला चटकन दाद देतात आणि काही देत नाहीत, हे दाखवलं होतं. पण रक्तात खरोखर इन्सुलिन आहे की नाही, हे मोजायचं कसं? जोसेफ बॉर्नस्टीन यांनी त्यासाठी उंदरांची एक परीक्षा तयार केली. ज्या उंदरांच्या शरीरातून इन्सुलिन, पियूषिका ग्रंथी आणि अधिवृक्क ग्रंथी या सगळ्यांचा प्रभाव काढून टाकलेला आहे, त्यांना रुग्णाच्या रक्तातला द्राव टोचायचा आणि साखर उतरते का ते पाहायचं. बॉर्नस्टीन आणि लॉरेन्स यांना आढळलं की तरुण, हडकुळ्या, लवकर बेशुद्धीत जाणाऱ्या रुग्णांच्या रक्तात इन्सुलिनचा मागमूस नाही. वयस्क, स्थूल रुग्णांत मात्र ते आहे. टाइप १ आणि टाइप २ ही विभागणी आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिच्या पायाचे दगड हे आहेत. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिन थेट मोजण्याची नेमकी पद्धत आणली ती त्याच दशकाच्या अखेरीस.

आता थोडं या शाखेविषयी. मधुमेह हा अंतःस्रावी ग्रंथींच्या मोठ्या संसारातला एक भाग. थायरॉइड, पियूषिका, अधिवृक्क, पॅराथायरॉइड, जननग्रंथी यांचे स्राव रक्तातून दूरदूरच्या अवयवांना निरोप देतात. मूल वाढत नाही, पाळी येत नाही, हाडं ठिसूळ होतात, रक्तदाब तरुणपणीच चढतो, यामागे बरेचदा यातलीच एखादी ग्रंथी असते. आपल्याकडे या शाखेचा तज्ज्ञ व्हायला एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, मग एमडीची तीन आणि डीएमची तीन अशी निदान साडेअकरा वर्षं लागतात. शाखेत शस्त्रक्रियेचा झगमगाट नाही. रात्रीतून रुग्ण बरा झाल्याचा आनंद क्वचितच. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर चार-सहा महिन्यांत कोमेजलेली बाई पुन्हा हसायला लागते, वाढ खुंटलेलं मूल वर्षभरात भिंतीवरच्या खुणेच्या वर जातं, असे आनंद इथे आहेत. मधुमेहात तर यश म्हणजे काहीच न घडणं: डोळे शाबूत राहणं, मूत्रपिंडं चालू राहणं, पायाला जखम न होणं. हे यश दिसत नाही, त्याला टाळ्या पडत नाहीत. ते वीस वर्षांनी कळतं.

आणि गरज मात्र अफाट. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचा आकडा दहा कोटींच्या वर गेला. इतक्या रुग्णांना पुरतील एवढे तज्ज्ञ उद्या तयार होणार नाहीत. म्हणजे पुन्हा तोच रस्ता उरतो: रुग्णाला, त्याच्या घराला, गावातल्या आशाताईंना आणि परिचारिकेला शिकवणं. १९२५ साली एका मधुमेही डॉक्टरने जे केलं, ते आज आपल्याकडे चैनीचं नाही, निकडीचं आहे.

पुस्तकाची रचना साधी आहे. पहिल्या भागात अ‍ॅबरडीनपासून ३१ मे १९२३पर्यंतचं आयुष्य येतं. दुसरा भाग किंग्जमधल्या विभागाचा: तपासण्या, आहार, व्यायाम, गर्भारपण, दोन मधुमेहांचा शोध. तिसरा भाग संस्थेचा आणि त्यातून वाढलेल्या चळवळीचा. लॉरेन्स यांनी त्या काळी वापरलेले डोस आणि आहार इतिहास म्हणून दिले आहेत. कोणीही ते आपल्या उपचारांसाठी वापरू नयेत. इन्सुलिन बदललं आहे, मोजण्याची साधनं बदलली आहेत आणि आपलं ताटही वेगळं आहे. वैद्यकीय संज्ञा जिथे रोजच्या बोलण्यात आहेत तिथे तशाच ठेवल्या आहेत. डॉक्टरांनी हे पुस्तक वाचावंच. पण लिहिताना डोळ्यांपुढे होते ते मधुमेहाशी रोज सामना करणारे वाचक आणि त्यांचे घरचे. एकच पुस्तक दोघांच्या हाती द्यायचं, हा धडा मी लॉरेन्स यांच्याकडूनच घेतला.

२७ ऑगस्ट १९६८ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. पंच्याहत्तरी पार केलेल्या या माणसाला तिशीही दिसेल, असं १९२० साली कोणी म्हटलं नसतं. इन्सुलिनने त्यांना आयुष्य दिलं, हे खरंच. त्या आयुष्याचं त्यांनी जे केलं ते मात्र औषधाच्या बाटलीतून आलेलं नव्हतं.

माझ्या रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी प्रश्न विचारून मला घडवलं. या शाखेत येऊ पाहणाऱ्या तरुण डॉक्टरांना एवढंच सांगणं: उद्या सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात एका तरी रुग्णाला, औषध लिहून देण्याआधी, ते औषध का लिहिलं ते समजावून सांगा आणि त्याने उलट प्रश्न विचारेपर्यंत थांबा. कारकीर्द तिथून सुरू होते.